बांधाचं भगदाड उघडं ठेवण्याबाबत

मी, ग्लिसेरिया पानसोय, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, फिलिपिन्समधल्या पनाय बेटावरच्या मानबुरोय गावच्या प्राथमिक शाळेची निवृत्त शिक्षिका, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी इलोइलो शहरात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही कारण नाही. ते हे तीनदा म्हणाले, म्हणून लिहायला बसले.

कलम १. राहतं घर, अंगणातल्या नारळांसह, माझा भाचा एल्मर यास. छप्पर त्यानेच बदललं, तेव्हा त्याचा हक्क आहे.

कलम २. भाताचं मोठं पातेलं माझी भावजय पुरिता हिला. गावजत्रेसाठी म्हणून नेलं त्याला चौदा वर्षं झाली. पातेलं तिच्याकडेच आहे, आता ते कायदेशीर होईल एवढंच.

कलम ३. गाण्याचं यंत्र व माइक शाळेला. एल्मरला देऊ नये. शेजाऱ्यांनी खूप सोसलंय.

कलम ४. वडिलांचं मासळीचं तळं, क्षेत्र तीन हेक्टर. याविषयी सविस्तर लिहावं लागेल, कारण सगळं भांडण इथंच आहे.

मी एकोणीस वर्षं दर जूनमध्ये शाळेची पोरं घेऊन समुद्रासमोरच्या चिखलात खारफुटीतला कांदळ लावला. कांदळ लावायला सोपा. त्याचं बी झाडावरच रुजतं, शेवग्याच्या शेंगेएवढं लांब होऊन लोंबतं. टोक चिखलात खुपसलं की रोप उभं आणि पाहुणे फोटोला मोकळे. सगळ्या किनाऱ्यावर आम्ही लोक हेच करत आलो. डिसेंबरपर्यंत रोपांवर शिंपले चढायचे, लाटा यायच्या आणि एक काडी उरायची नाही. पोरं मला माएस्त्रा म्हणजे बाई म्हणायची; विचारायची, "माएस्त्रा, आमची झाडं कुठं गेली?" मी सांगायची, "समुद्रानं दुसरीकडे नेऊन लावली." खोटं बोलायची मी. वर पुढच्या जूनमध्ये पुन्हा तिथंच.

शिंपले वेचणारे मानोंग, म्हणजे दादा, क्रिसान्तो, शिक्षण तिसरी नापास, एकदा पोरांसमोर खो खो हसले. "माएस्त्रा, कांदळाला मागची खाडी लागते, संथ पाणी! समोर लाटेत चिपीची झाडं टिकतात, तिवराची टिकतात. तू माशाला झाडावर चढवतेयस." मी म्हटलं, "मानोंग, तुम्ही शिंपले वेचा, शिकवायचं मी बघते." अकरा वर्षं त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. चर्चमध्येसुद्धा बाक बदलायची.

मग पाच वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात तळ्याच्या बांधाला भगदाड पडलं. मासे गेले. मी ते बुजवलं नाही. खरं तर अंगात जोर नव्हता, शहाणपण वगैरे काही नव्हतं. पण भरती आत-बाहेर करू लागली आणि कोणी एक काडी न लावता आत झाडं आली हो! समुद्राच्या बाजूला चिपी, तिची श्वास घ्यायची मुळं चिखलातून बोटभर वर. तिच्या शेजारी तिवर, पान चाटलं तर जिभेवर मीठ, पोटातलं जास्तीचं मीठ पानावाटे टाकून देतं लबाड! कांदळ पार मागे ओढ्याकाठी, वाकड्या पायांवर उभा. जो तो आपापल्या जागी. मी जन्मभर फळ्यावर जे चुकीचं काढलं ते सगळं समोर दुरुस्त होऊन उभं होतं. चिखलात बसून मी रडले आणि हसलेसुद्धा.

एल्मरचं म्हणणं वेगळं. "टिया, चिखलात काय ठेवलंय? भगदाड बुजवतो, कोळंबी सोडतो." माझं मुखत्यारपत्र त्याच्याकडे होतं, म्हणजे मला न विचारता त्याला हे करता येत होतं. बुधवारी मातीचे ट्रक येणार होते.

म्हणून मी लिहिलं होतं: माझ्या मृत्यूनंतर हे तळं मानोंग क्रिसान्तो यांस मिळावं, भगदाड कायम उघडं ठेवण्याच्या अटीवर. शुक्रवारी ओहोटीला त्यांना भगदाडापाशी गाठून, अकरा वर्षांनी तोंड उघडून, हे वाचून दाखवलं.

त्यांनी मान हलवली. "माती बुधवारी पडतेय ना?"

"हो."

"आणि मला तळं तू मेल्यावर?"

"हो, मृत्युपत्र आहे हे."

"मग सोमवारी नक्की मरशील का? नाहीतर उगाच घोळ होईल."

मी अशी संतापले! आणि मग अशी हसले की छातीला हात लावून बसावं लागलं. म्हातारा घाबरला. "अगं, इथं नको मरूस, मला तुला बांधावर उचलून नेता येणार नाही!"

"तळं आत्ताच घेता का?" मी विचारलं.

"घेतो. पण एक अट. शाळेच्या पटांगणात, पोरांसमोर सांगायचं की मी बरोबर होतो. आणि ते समुद्रानं नेऊन लावल्याचंही."

कलम ४ वर काट मारली आहे. काट माझीच आहे, कोणी शंका घेऊ नये. काल, शनिवारी, मुखत्यारपत्र रद्द केलं, वकिलाला घरून उठवून आणून बक्षीसपत्र केलं. आज चर्चमधली रविवारची मिसा संपल्यावर शाळेच्या पटांगणात, पोरं, त्यांचे आईबाप आणि माझे जुने विद्यार्थी यांच्यासमोर उभी राहून सांगितलं: कांदळ मी चुकीच्या जागी लावायला लावला, तुमची झाडं मेली, मी खोटं बोलले, मानोंग क्रिसान्तो बरोबर होते. मागून एका बाईने, माझ्याच जुन्या विद्यार्थिनीने, ओरडून विचारलं, "मग आता कुठं लावायची, माएस्त्रा?" मी म्हटलं, "त्यांना विचार." सगळे त्यांच्याकडे वळले आणि मानोंग लाजून लाल झाले.

एल्मर रागावला आहे. घर त्याचंच आहे, राग उतरेल.

सबब तळं आता माझ्या मालकीचं नाही, ते मृत्युपत्रात देता येत नाही. उद्या मी मेले काय नि जगले काय, बुधवारी भरती आत येणार.

स्वाक्षरी: ग्लिसेरिया पानसोय
मानबुरोय, रविवार, १७ मार्च २०१९

साक्षीदार:
क्रिसान्तो दालिपे (सावकाश, स्वहस्ते)
नोर्मा इबाबाओ, मुख्याध्यापिका