कबुतरं घाबरली नाहीत

दि. ११ नोव्हेंबर, मंगळवार, दुपार

माझ्या लाडक्या, हट्टी लेकीस,

आईचे अनेक आशीर्वाद. माझे गुडघे सोडले तर इकडे सगळं ठीक. तुझी तब्येत बरी असावी, परवा फोनवर आवाज तरी खणखणीत होता.

आता हे पत्र कशाला, म्हणशील. फोनवर माझं वाक्य संपायच्या आत तुझं उत्तर येतं. कागद मधे बोलत नाही. अक्षर ओळखलंच असशील, तुझी लेक लिहितेय, मी सांगतेय. तिला बजावलंय की ध चा मा करायचा नाही आणि शेवटी सगळं वाचून दाखवायचं. तर म्हणते, "आजी, मी काहीही वाचून दाखवेन, तुला काय कळणार?" घे! कारकून म्हणून लागली आणि पहिल्याच दिवशी साहेबाला धमकी.

तू म्हणालीस, शनिवारी येते, पोरीला घेऊन जाते आणि हॉस्टेलवर ठेवते. तुला कुणीतरी काहीतरी कळवलंय. कुणी, तेही मला माहीत आहे. आमच्या खालच्या शिवणवालीची जीभ तिच्या मशीनपेक्षा जोरात चालते. पण तिने तुला नुसती चिंधी दाखवली, अख्खं कापड माझ्याकडे आहे. ते आधी बघ, मग शनिवारचं ठरव.

कोपऱ्यावरची लाँड्री बंद पडली होती ना, तिथे आता रोज संध्याकाळी मुलं-मुली जमतात. एका दाढीवाल्याने सुरू केलंय. तो आधी शाळाशाळांतून नशेविरुद्ध पोस्टरं लावायचा. कवटी आणि खाली दोन हाडं. पोरींनी कवटीला लिपस्टिक लावली, पोरांनी मिशा काढल्या. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की घाबरवून झालं, आता जरा ओळख करून बघू. इस्त्रीची लांब टेबलं होती तशीच आहेत. एकावर बिघडलेले पंखे उघडायचे, एकावर केस कापायला शिकायचं, एकावर नुसत्या गप्पा. आणि प्रत्येक टेबलाला एक म्हातारं माणूस. मला का बोलावलं, तर मी फार चौकशा करते असं त्याच्या कानावर गेलं होतं. ज्या गुणासाठी जन्मभर बोलणी खाल्ली, त्याला अखेर गिऱ्हाईक मिळालं.

तिथे नियम एकच. म्हाताऱ्यांनी विचारायचं, सांगायचं नाही. विचारायचं तेही ज्याचं उत्तर आपल्याला खरोखर ठाऊक नाही असंच. चुकलं की सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे. आमच्यासारखेच टेबलावर बसणारे एक ड्रायव्हरकाका आहेत, त्यांनी पहिल्याच दिवशी एका पोराला विचारलं, "जरा तरी लाज वाटते का रे?" दाढीवाला म्हणाला, "काका, हा प्रश्न नाही, हा वेष पालटून आलेला उपदेश आहे. कप तिकडे आहेत." मी पोट धरून हसले. मग मी एका पोरीला विचारलं, "केस बांधले असतेस तर छान दिसलं नसतं का?" एवढंच गं! तो पूर्ण आठवडा मीच मोरीपाशी उभी होते.

पण खरा प्रश्न जमला की काय काय ऐकायला मिळतं! एकीला विचारलं, पहिली गोळी कुणी दिली? मला वाटलं होतं, असेल कुणी गुंड, मोटारसायकलवाला. ती म्हणाली, "मैत्रिणीने. दुसऱ्या दिवशी पेपर होता, मी रडत होते, तिला दया आली." दया! ह्या सगळ्यात तो शब्द सापडेल असं कधी वाटलं नव्हतं. अजून मी तो चघळतेय.

आता कबुतरांचं सांगते.

(पेन थांबलंय. लिही गं. आपलं ठरलंय ना?)

आपल्या गॅलरीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. कुणीतरी सांगितलं, चकचकीत काहीतरी टांगा, बिचकतात. कपडे धुताना मला खिशांत गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडायची. गुलाबी काठाची, मागून चांदीसारखी. डोकेदुखीची असतील, अभ्यास करून पोरीचं डोकं दुखत असेल, असं मी धरून चालले. दोऱ्यात ओवली आणि कपड्यांच्या दोरीला बांधली. उन्हात अशी चमकायची की रस्त्यावरून लोक मान वर करून बघायचे. मी आपली खूश. कबुतरं दोन दिवस बिचकली, तिसऱ्या दिवशी त्या पाकिटांना खेटून बसून घुमायला लागली. त्या कवटीच्या पोस्टरांची आठवण झाली मला.

मग एक दिवस लाँड्रीत नर्सबाई आल्या. त्यांच्याकडे पोरं नशेला वापरतात त्या औषधांची रिकामी पाकिटं, बाटल्या, डब्या असं एक खोकं होतं. म्हणाल्या, "घरात असं काही दिसलं तर ओरडू नका, आधी ओळखायला शिका." खोकं फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. मला अक्षर वाचता येत नाही, पण रंग मी विसरत नाही. माझ्या स्वतःच्या गोळ्या मी रंगावरूनच घेते. मी आनंदाने ओरडले, "अगंबाई! ही तर आमच्या गॅलरीत लोंबतायत!"

सगळे हसले. मग एकेक जण हसायचा थांबला. पंख्याच्या टेबलाशी कुणीतरी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, त्याचा आवाज झाला. मी मान वळवली तर मला घरी न्यायला आलेली तुझी लेक दारातून माझ्याकडे बघत होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी लोकांच्या पोरांना प्रश्न विचारत हिंडत होते आणि आमच्या घरची वरात मी स्वतः दोरीला बांधून चौकाला दाखवत होते.

दोघी घरी निघालो. माझ्या डोक्यात उपदेश असा उकळत होता की झाकण उडेल. तुला म्हणून सांगते, तुझे शब्दसुद्धा माझ्या तोंडाशी आले होते. "तुझी आई तिकडे एकटी राबते आणि तू..." ते गिळले. आपला जिना मी गुडघ्यांमुळे हळू चढते असं सगळ्यांना वाटतं. त्या दिवशी मी प्रश्न शोधत चढत होते. उत्तर माहीत नसलेला एक तरी प्रश्न. दाराशी पोचले तेव्हा सापडला.

मी विचारलं, "कडू असते का गं?"

ती आधी हसली. मग जिन्यातच बसली आणि रडली. मग म्हणाली, "कडू असते. पण थोड्या वेळाने सगळं भिंतीपलीकडून ऐकू आल्यासारखं येतं."

"सगळं म्हणजे काय?"

"निकाल. वर्गातल्या मुली. आईचा फोन."

हे लिहिताना ती माझ्याकडे बघत नाहीये. मीच सांगितलं, गाळायचं नाही. तुला टोचावं म्हणून नव्हे. मी रोज तिच्या शेजारी झोपते आणि मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, तर तुला इतक्या लांबून कुठून असणार?

नर्सबाई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्या म्हणतात, एकदम तोडायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं उतरवत न्यायचं. "सगळं सुटलं असं लिहू या का?" असं मी विचारलं, तर कारकूनबाई म्हणाल्या, "नको. अजून सुटलं नाही." मला ते उत्तर फार आवडलं. सुटलं म्हणाली असती तर मी घाबरले असते. संध्याकाळी ती स्वतःहून लाँड्रीत जाते. ज्या टेबलाशी तिची अब्रू मी घालवली त्याच टेबलाशी बसते. हॉस्टेलवर तिला टेबल मिळेल, खाट मिळेल. पण तिथे तिला कोण काय विचारणार? आणि ती कुणाला सांगणार?

तर शनिवारी ये. जरूर ये. पण बॅग भरायला नको. घरी न येता आधी लाँड्रीत ये, तिच्या समोर बस आणि उत्तर माहीत नसलेला एक प्रश्न विचार. एकच. तो उपदेश निघाला तर कप विसळायचे. लेक म्हणून सूट नाही. त्यानंतरही तिला न्यावंसं वाटलं तर मी आडवी येणार नाही. तिचे कपडे मीच घडी करून देईन, आणि खिसे तपासणार नाही.

आता मी गॅलरीत कपडे काढायला जाते. पाकिटं सोडलीत, कबुतरं आहेत. पेन तिच्याकडे ठेवतेय. तिला तुला काहीतरी लिहायचंय.

*

आई, हे माझं मी लिहितेय. आजीने तुझ्यासाठी प्रश्नही तयार ठेवला होता, तो मी लिहिला नाही. तुझा तू आण. मी पण एक आणते, आत्ताच लिहून ठेवते म्हणजे तुला विचार करायला वेळ मिळेल. फोन ठेवल्यावर तू तिकडे एकटी काय करतेस? मला खरंच माहीत नाही.

*

आले. काय लिहिलंस म्हणून विचारायला जीभ शिवशिवतेय. विचारत नाही. वाचूनही दाखवू नकोस म्हटलं.

शनिवारी घराचं दार कडी न लावता नुसतं ओढून ठेवीन, लाँड्रीतून दोघी आलात की ढकला, उघडेल.

न विचारता वाट बघणारी,
तुझी आई