पाठमोरा

४ फेब्रुवारी

नाही म्हणाली! म्हणजे तोंडावर नाही म्हणाली नाही, साखर लावून नाही म्हणाली. संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी शर्टाची काजं करत होते. सुई दातांत होती म्हणून मध्ये बोलता आलं नाही. नाहीतर ऐकवलं असतं.

म्हणे, "तुमच्या कादंबरीतली बाई झकास उतरलीय. तिचा तो पाठमोरा नवरा तर अगदी डोळ्यांसमोर उभा राहतो." आता पाठमोरा माणूस समोर कसा उभा राहणार, पण असो. "पण ज्याच्यासाठी ती घर सोडते तो माणूस काही बोलतच नाही हो! नुसता समोर बसतो आणि बघतो. वाचणारीने प्रेमात पडायचं कशाच्या? त्याला बोलतं करा. नाहीतर आम्हाला छापता येणार नाही."

कुठून बोलतं करू? मासिकातल्या गोष्टींमध्ये चालून जायचं. दोघं बागेत जायची, तोवर पान संपायचं. कादंबरीत बागेत किती वेळ फिरवणार? पाय दुखतील त्यांचे.

मला जन्मात कुणी तसलं काही म्हटलेलं नाही. म्हणून तर लिहायला लागले. वाटलं, कुणी म्हणत नाही तर आपणच लिहावं, आपणच वाचावं. आणि आता नेमकं तेच येत नाही!

५ फेब्रुवारी

ह्यांना जाऊन दुसरं वर्ष सरत आलं. टेबल अजून तसंच आहे. भिंतीला लावलेलं, वर दिवा, डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे. सकाळी दुकान उघडल्यासारखे तिथे बसायचे ते संध्याकाळपर्यंत — लोकांची घड्याळं उघडून. मी मागे स्वयंपाकघराच्या दारात, उजेडाला काजं करत. अख्खा संसार ह्यांची पाठ बघण्यात गेला. चेहरा विसरेन, पाठ नाही विसरणार. कादंबरीचं पहिलं वाक्यही तेच आहे — "त्याची पाठ तिची तोंडपाठ झाली होती." संपादकबाई म्हणाल्या, ह्या एका वाक्यावर पुस्तक खपेल.

टेबलासमोर भिंतीवर ते काळ्या तबकडीचं मोठं घड्याळ. बंद! घड्याळजीच्या घरात बंद घड्याळ! किती टोमणे मारले मी. "गिऱ्हाईक बघेल तर दुसरीकडे जाईल." हे म्हणायचे, "राहू दे." एवढंच. दुरुस्त करायचं नाही, काढायचं नाही, पण काच मात्र रोज पुसायचे. बंद घड्याळाची काच! बायकोला घाम आलाय का, ते बघायचं नाही.

दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी पण खिडकीकडे तोंड. मी ह्या बाजूला स्टुलावर बसलेली. बाहेर काय होतं बघायला? अंधार.

६ फेब्रुवारी

आज त्याच्या तोंडी घातलं, "तू माझा चंद्र आहेस." मलाच हसू फुटलं. सुई बोटात गेली. खोडलं.

१० फेब्रुवारी

वन्संकडे गेले होते. ह्यांच्या थोरल्या बहिणीकडे, पलीकडच्या गल्लीत. एकट्याच राहतात. लग्न केलं नाही, टपाल कचेरीत शिक्के मारण्यात जन्म काढला. आता श्वास पुरत नाही त्यांना. दोन पावलं चालल्या की खाटेवर बसतात आणि माझ्याकडे अशा बघतात की मीच त्यांना चालवलं.

हे रोज संध्याकाळी दिवा मालवून त्यांच्याकडे जाऊन बसायचे. घरी मुके आणि तिथे तासभर! मी विचारायचे, काय बोलता एवढं? वन्सं म्हणायच्या, "काही नाही गं, चहा पितो आणि जातो."

त्यांना संपादकबाईंचं रडगाणं सांगितलं. म्हटलं, वन्सं, पुरुष प्रेमात काय बोलतो हो? तुम्हाला विचारण्यात अर्थ नाही म्हणा, तुम्ही आपल्या शिक्का मारणाऱ्या.

वन्सं खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिही. म्हणावं, तू बाहेर गेलीस की हे घर नुसतं उभं असतं."

मी चहा पिता पिता थांबले. हे काय! हे कुठून आलं?

"सुचलं," म्हणाल्या.

सुचलं म्हणे! असलं सुचत नाही वन्सं. असलं कुणीतरी म्हटलेलं असतं.

११ फेब्रुवारी

आज दारातूनच ओरडले, "कोण हो तो?" वन्सं लाल! ह्या वयात! खोकला आल्याचं सोंग केलं, मग खरंच खोकला आला. पाणी दिलं. म्हटलं, टपाल कचेरीतला होता की काय? तिकिटं चिकटवता चिकटवता जमलं असेल.

"गप बस गं कार्टे."

"दाढी होती का मिशी?"

"तू आधी ते फडकं दे आणि तोंड बंद कर." पण हसत होत्या. किती दिवसांनी.

१९ फेब्रुवारी

आज दुसरं मिळालं. "तू भांडलीस की मला बरं वाटतं. म्हणजे अजून राहायचा विचार आहे तुझा."

मी म्हटलं, वन्सं, तुम्ही भांडायचात त्याच्याशी? तुम्हाला तर दूधवाल्याशी भांडता येत नाही. म्हणाल्या, "मला काय येतं ते तुला काय माहीत."

घरी आले आणि लिहायला बसले. तो माणूस बोलायला लागलाय. खुर्चीवरून उठून खोलीत फिरतो माझ्या. शिंप्याच्या दुकानात काजं करताना वाक्यं सुचत गेली आणि एका शर्टाला एक काज जास्त झालं. मास्तर म्हणाले, "बाई, हे गिऱ्हाईक काय पोटाने श्वास घेतं?" म्हटलं, वारा लागू दे मेल्याला!

३ मार्च

वन्सं आज थकलेल्या. डॉक्टर येऊन गेले. बाहेर मला म्हणाले, "जास्त बोलायला लावू नका." मी मान हलवली आणि आत जाऊन म्हटलं, बोला.

डोळे मिटून म्हणाल्या, "तुझ्या पावलांचा आवाज मला लांबून कळतो. पण मी वर बघत नाही. बघितलं तर तू विचारशील, काय झालं. मी काय सांगू?"

मी लिहून घेतलं नाही. बसून राहिले. मग म्हणाल्या, "अगं, तुला काही आठवत नाही का?" मी म्हटलं, मला काय आठवणार? माझ्याकडे आठवायला पाठ आहे फक्त. वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. काहीतरी म्हणणार होत्या. मी म्हटलं, तुमच्या त्याचं नाव सांगणार असाल तर बोला, नाहीतर झोपा. झोपल्या.

घरी येताना रडू आलं. हेवा वाटला त्यांचा. खाटेला खिळलेल्या, पोर नाही बाळ नाही, श्वास उसना — आणि मला त्यांचा हेवा! एका माणसाने त्यांच्या पावलांचा आवाज ओळखावा. माझी पावलं कुणाला कळली? चपला फाटल्या तरी कळलं नाही.

२८ मार्च

पाठवली. सगळी नव्याने लिहून. पाठमोऱ्या नवऱ्याला जरा जास्तच झोडपलंय. ती घर सोडते तेव्हा तो मागे वळूनसुद्धा बघत नाही. डोळ्याला भिंग लावून बसलेलाच असतो. बरं वाटलं लिहून. मग वाईट वाटलं. मग चहा केला.

६ एप्रिल

संपादकबाई फोनवर रडल्या! "हा माणूस कुठे सापडला तुम्हाला?" म्हटलं, नणंदेचा आहे, उसना आणलाय.

छापणार!!

१७ जून

मुखपृष्ठ बघायला पाठवलं. विशीतली पोरगी, केस उडतायत, पाठीमागे समुद्र. माझी बाई पन्नाशीची, तिचे केस उडत नाहीत, गळतात. आणि समुद्र कुठून आला? फोन केला. "बाई, असंच खपतं हो." मी म्हटलं, मग आत पण तिलाच घाला, मला कशाला त्रास दिलात. हसल्या. केस जरा कमी उडवतो म्हणाल्या.

वन्संना दाखवलं. म्हणाल्या, "ही तर तू लग्नात दिसायचीस तशी आहे." काहीतरीच! ताप असेल.

२ जुलै

पुस्तक कुणाला अर्पण करायचं, विचारतायत. ह्यांना? ह्यांना झोडपायचं आणि ह्यांनाच वाहायचं? तेवढी बेरड नाही मी.

वन्संच्या त्याला करते! त्याचीच तर कमाई आहे. वन्संना सांगणार नाही. पुस्तक आलं की वाचून दाखवणार आणि तोंड बघणार त्यांचं.

पुस्तक आलं की ते बंद घड्याळही काढणार. तिथे माझा फोटो लावणार, मोठा. हार नको म्हणावं अजून.

९ ऑगस्ट

पुस्तकं आली. पहिलं घेऊन तशीच पळत वन्संकडे. नाकाला नळी लावलेली. आवाज खोल गेलाय. हातात दिलं तर वास घेतला पुस्तकाचा.

"वाच."

मी घसा साफ करून वाचलं, "ज्याने हे सगळं वन्संना सांगितलं, त्याला. कुठे असशील तिथे सुखात राहा."

वाटलं, आता लाजतील. तर डोळ्यांतून पाणीच.

म्हटलं, आता तरी नाव सांगा. आहे की गेला मेला?

"गेला."

"कधी?"

"तुझ्यासमोर."

मला कळेना. माझ्यासमोर कोण गेलं? माझ्यासमोर तर एकच माणूस गेला.

वन्सं थांबत थांबत बोलल्या. एकेक शब्द नळीतून ओढून आणत होत्या. "अगं बये, माझं कुठलं आलंय? माझ्याकडे जन्मात कुणी फिरकलं नाही. ते सगळं तो बोलायचा. तुझ्याबद्दल. रोज संध्याकाळी, तू बसलीयस त्याच खुर्चीत. चहा गार व्हायचा त्याचा. मी म्हणायचे, तिला सांग ना. म्हणायचा, तिच्यासमोर तोंड उघडलं की सगळं आतच राहतं."

मी खुर्चीवरून उठले. का उठले माहीत नाही.

"मग मला तुम्ही का नाही सांगितलंत? फेब्रुवारीपासून बसतेय तुमच्याजवळ!"

वन्संनी पुस्तक छातीशी धरलं.

"पहिल्याच दिवशी सांगणार होते. घर नुसतं उभं असतं म्हटलं, तेव्हा वाटलं तू ओळखशील. तर दुसऱ्या दिवशी तू दारातून ओरडत आलीस — कोण हो तो! मला आयुष्यात कुणी असं चिडवलं नव्हतं गं. वाटलं, अजून एक दिवस चिडवू दे. मग सांगू."

रागवायला गेले आणि त्यांच्या तोंडाकडे बघून जमलं नाही. पदराने तोंड पुसलं त्यांचं, मग माझं. त्याच पदराने.

"आणि मी पुस्तकात त्यांना..." म्हटलं. "छापून झालं, वन्सं."

"मिशी होती," म्हणाल्या. "विचारलं होतंस ना. मिशी होती त्याला."

१०, ११, १२ ऑगस्ट

काही नाही.

१४ ऑगस्ट

वन्सं गेल्या. आता मला कार्टे म्हणणारं कुणी राहिलं नाही.

२ सप्टेंबर

दुकानात एक गिऱ्हाईक बाई पर्समधून पुस्तक काढून म्हणाल्या, "तुम्हीच ना ह्या? किती छान हो! आणि त्या पाठमोऱ्या मेल्याला चांगली अद्दल घडली. असल्या माणसाची दया येत नाही मला." मास्तर अभिमानाने बघत होते. सही मागितली. केली. दुसरी आवृत्ती निघणार म्हणून संपादकबाईंचा फोन. विचारलं, आता काही बदलता येईल का? म्हणाल्या, "एक अक्षर बदलू नका, लोकांना तो नवरा आवडतो. म्हणजे, शिव्या घालायला आवडतो."

३ सप्टेंबर

घड्याळ काढायचं ठरवलं. हात पोचेना म्हणून ह्यांच्या खुर्चीवर चढणार होते; आधी तिच्यात बसले, चपला काढायला. त्या खुर्चीत मी कधी बसलेच नव्हते. संध्याकाळ होती, मागे स्वयंपाकघरातला दिवा लावलेला. मान वर केली.

काचेत स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. माझं स्टूल, काजांची टोपली, खुंटीला अडकवलेला माझा चष्मा. सगळं. काळ्या तबकडीवर स्वच्छ.

उठवेना.

दवाखान्यातल्या खिडकीला पण काच होती. बाहेर अंधार होता आणि आत, माझ्या डोक्यावर, दिवा.