बाबांच्या अक्षरांचा फाँट

३ जानेवारी
संकल्प : बाबांच्या अक्षरांचा फाँट मार्चअखेर पूर्ण करायचा. बाबांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांना जाऊन चार महिने झाले. काम शुद्ध प्रोफेशनल आहे, भावनेचा काडीचाही संबंध नाही. बायकोला तसं सांगितलं. ‘बरं,’ म्हणाली. तिचं हे ‘बरं’ मला आवडत नाही.

११ जानेवारी
गावभर फिरून फोटो काढले. बाबांच्या एकेचाळीस पाट्या अजून शाबूत. लाँड्रीवाल्याने विचारलं, तुम्ही त्यांचे कोण? टाइप डिझायनर, म्हणालो. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. का, ते कळलं नाही.

२२ जानेवारी, दुपारी ३
बाबांची शिरोरेघ शेवटी किंचित खाली उतरते. शिडीवरून हात लांबवून लिहायची सवय. फाँटमध्ये असलं चालत नाही. सगळ्या रेघा सरळ केल्या.

२३ जानेवारी
रेघा पुन्हा उतरलेल्या. सॉफ्टवेअरचा बग. कंपनीला कडक मेल टाकला.

३० जानेवारी
पुन्हा तेच. बायको म्हणते, रोज जेवण झालं की तूच बसून त्या खाली ओढतोस, मी बघते ना. तिला सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही.

८ फेब्रुवारी
खोलीत ब्रश धुवायच्या टर्पेंटाइनचा वास. घरात टर्पेंटाइन नाही. प्रिंटरचा टोनर असणार. खिडकी उघडली. वास जागचा हलला नाही.

१५ फेब्रुवारी
एकदा गिऱ्हाइकासमोर मी बाबांना म्हणालो होतो, तुमच्या अक्षरांना शिस्त नाही. तांत्रिक मत होतं. त्या दिवशी त्यांनी ब्रश धुऊन ठेवले, ते परत काढलेच नाहीत. योगायोग. वयही झालं होतं.

२७ फेब्रुवारी
पहिली टेस्ट प्रिंट : ‘आत या’, ‘दुपारी बंद’. आईने कागद उचलला आणि खुर्चीत बसलीच. मग म्हणाली, कपाटाची किल्ली सापडत नाहीये, त्यांना विचार. हा फाँट आहे, असं समजावलं. तरी स्पेसिंग बघायला म्हणून ‘घड्याळामागे’ टाइप केलं. किल्ली घड्याळामागेच निघाली. लहानपणी कधीतरी पाहिलं असेल मी.

९ मार्च
आईचे प्रश्न आता रोज. मी उत्तरं प्रिंट करून देतो. निव्वळ टेस्टिंग. बायको म्हणाली, आता बास कर, मला भीती वाटते. कशाची, विचारलं. ‘तुझी.’ उद्यापासून बंद.

१० मार्च
बंद केलं नाही. डेडलाइन जवळ आली आहे.

२१ मार्च
‘छान’ हा शब्द टाइप करून बघायचा होता. सहज सुचला. एकेचाळीस पाट्यांत छ कुठेच नाही. मीच काढायला घेतला. तीस काढले. एकही त्यांच्या हातचा वाटत नाही.

२८ मार्च, सकाळी ११
सत्तेचाळिसावा छ जमला! ‘छान’ मोठ्या साइजमध्ये प्रिंट केलं, आईसमोर धरलं. बाबांनी लिहिलंय, म्हणालो. माझ्यासाठी. आईने चष्मा लावला, अक्षरांवरून बोट फिरवलं. ‘यातला न त्यांचा,’ म्हणाली. ‘कानाही त्यांचाच. छ मात्र तू काढलायस. घाबरत घाबरत.’ मग कागदाची घडी करून माझ्या खिशात ठेवली आणि कितीतरी वेळ माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

तेव्हापासून स्क्रीन धूसर दिसतेय. ही वहीसुद्धा. चष्म्याचा नंबर वाढला असणार. सोमवारी डोळ्यांचे डॉक्टर गाठायचे.