रिकामी खेप

आये,

शाळेला सुट्टी लागली होती आणि तू मला न्यायला खाली पोलादपूरला आली होतीस. आपल्या कुडपणची चढण सुरू झाली तशी तू मागे वळून माझ्या हातांकडे पाहिलंस. "रिकामी कशी चालतेस गो? दोन काटक्या तरी उचल." माझी ट्रंक तुझ्याच डोक्यावर होती. मी सिस्टरांच्या शाळेतली, वसतिगृहात राहणारी मुलगी. पांढरे मोजे मळतील म्हणून नाक मुरडलं, पण काटक्या उचलल्या. आपल्या वाडीत रिकाम्या हाताने चढण चढणं म्हणजे खेप फुकट घालवणं. घरी पोचल्यावर मी तुला अंगणात आमची ड्रिल करून दाखवली, हात वर, हात बाजूला. तू शेणाचे हात तसेच धरून हसत सुटलीस. "कोंबड्या हाकतेस काय गो?"

आज तू महाडात असायला हवी होतीस. इथे आता अख्खं गाव कोंबड्या हाकतंय. सकाळी नदीकाठच्या रस्त्यावर माणसं चालायला येतात, आणि चालायला येतात ती गाडीवरून. दोन गल्ल्यांपलीकडचा कापडवाला स्कूटर लावतो, चार फेऱ्या मारतो, आपण किती चाललो ते मनगटावरच्या घड्याळाला विचारतो आणि स्कूटरवरूनच भजी खायला जातो. घरी केर काढायला बाई, आणि ती केर काढते तेवढ्या वेळात मालकीण पैसे देऊन वाकायला शिकून येते. काही जण गोल उभे राहून ठरवून हसतात. विनोद कुणीच सांगत नाही.

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत एका चुणचुणीत ट्रेनरचं भाषण होतं, व्यायामाचे फायदे. सुनेने मला बळेच खाली नेलं, कारण हे गेल्यापासून मी खुर्चीतून फारशी उठत नाही. गुडघे धरलेत, साखर वाढलीय, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. ट्रेनर म्हणाला, चालल्याने हृदय चांगलं राहतं, झोप लागते, मन हलकं होतं. जणू चालणं त्यानेच शोधून काढलं. मग त्याने एक पिशवी काढली. वजन घेऊन चाललं की हाडं बळकट होतात, म्हणून ही पाठीला बांधायची. आत काय आहे, मी विचारलं. "वाळू, आजी." वाळू, आये! भात नाही, सरपण नाही. वाळू न्यायची आणि तीच परत आणायची. मी इतक्या मोठ्याने हसले की सून कानाशी येऊन म्हणाली, "आई, प्लीज."

पण त्याचं एक वाक्य मला हसण्यावारी नेता आलं नाही. "माणूस एकदा बसला ना, की आधी त्याचं मन बसतं."

बाबा गेल्यावर तुला या घरी मीच आणलं. घरात नळ असून तू खालच्या बोअरिंगवर हंडा भरायचीस आणि तीन जिने चढून यायचीस. मी चिडायचे, "नळाला पाणी आहे ना!" "हाय की. पन ते आपसूक येतंय. त्यात माजं काय?" मग एकदा समोरच्या बाईंनी मला दारात गाठून विचारलं, "नवी बाई ठेवलीत का? म्हातारी आहे, पण दणकट दिसते." त्याच संध्याकाळी मी हंडा माळ्यावर टाकला. "आता निवांत बस. शोभत नाही." तू बसलीस. सांगितलेलं काम तू कधी अर्धं सोडलं नाहीस. खिडकीपाशी बसून आधी तुझं जेवण कमी झालं, मग वेणी घालायची राहिली, मग बोलणं. आम्ही म्हणालो, वय झालं. बसल्यानंतरचा दुसरा शिमगा तू पाहिला नाहीस. तुझ्या बरोबरीच्या बायका त्यानंतर कितीतरी वर्षं कुडपणला गुरांमागे चढत होत्या. त्या ट्रेनरला मी काय हसते? तो वाळू देऊन का होईना, माणसांना उठवतो. मी तुला बसवलं.

सोमवारी मुलाला माळ्यावरून हंडा काढायला लावला. आत तुझी चुंबळ होती, जुन्या लुगड्याची, डोक्यावर हंड्याखाली ठेवायचीस ती. मी अर्धाच हंडा भरला, तोही कमरेवर घेतला, आणि दर वळणावर टेकवला. दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरीण पोर धावत आली. "काकू, नळ गेलाय का?"

"नाही गं. पण ते आपसूक येतं."

त्या दुपारी मी भात दुसऱ्यांदा मागून घेतला. आज पाचवा दिवस. धाप अजून लागते.

एक सांगायचं राहिलं. समोरच्या बाईंनी "नवी बाई ठेवलीत का" विचारलं, तेव्हा मी "हो" म्हणाले होते. तू हंडा घेऊन खालच्याच पायरीवर होतीस. तू ऐकलंस की नाही, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? हंड्यातच ठेवते. माझ्यामागे मुलांच्या हाती पडेल, तेव्हा त्यांनी एवढं करावं. सुनेने मला आणून दिलेलं पावलं मोजणारं घड्याळ नातीला द्यावं. त्याच्याबरोबर आणलेले चालायचे बूट दुसऱ्या मजल्यावरच्या त्या पोरीला, कोरेच आहेत. हंडा कुडपणला, ज्या घरात अजून खेपा घालतात त्या घरात. चुंबळ कुणालाही द्यायची नाही. मला नेताना ती माझ्या हातात ठेवा. मी रिकामी आलेली आयेला चालणार नाही.