कारण : आई

३ फेब्रुवारी
लागले! नोकरीला लागले! तीन महिने तात्पुरती, पण लागले!!
भूकंपमापन केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक जनरेटर (साहेब पाचच्या ठोक्याला बंद करतात, मग यंत्रही झोपतं) आणि खिडकीत डोंगर. खराखुरा ज्वालामुखी! अर्थात, दोनशे वर्षांत साधा घोरलेलासुद्धा नाही.
नियम एकच. सुई हलली की कागदावर शेजारी कारण लिहायचं – ट्रक, दार, वारा. कारण सापडलं नाही तर तडक साहेबांना फोन. “एक जरी निसटलं तरी तुम्ही घरी,” असं हसत म्हणाले. पण डोळे हसत नव्हते.

७ फेब्रुवारी
साहेबांनी आज पृथ्वीच फोडून दाखवली. वरचं कवच म्हणे अखंड नाही, मोठमोठे तुकडे आहेत. ते सरकतात, पण नखं वाढतात त्या गतीनं. कुठे एकमेकांना घासतात, अडकतात, आणि अडकलेलं सुटलं की भूकंप. कुठे एक तुकडा दुसऱ्याच्या खाली घुसतो. तिथे खोलवर खडक वितळतो आणि वर यायला वाट शोधतो. आपला डोंगर त्यातलाच.
घरी येऊन सगळं आईला ऐकवलं. “म्हणजे दोघी जावा आणि एक स्वयंपाकघर,” आई म्हणाली. साहेबांना तासभर लागला होता!

८ फेब्रुवारी
आई डबा घेऊन थेट केंद्रावर! ठीक एक वाजता. एरवी शेजारच्या खाणीचे ट्रक दिवसभर सुई नाचवतात, पण तेव्हा ड्रायव्हर जेवायला थांबतात, ट्रक बंद असतात, सुई कशी गुणी मुलीसारखी सरळ चालते. आई भिंतीजवळच्या बाकावर धपकन बसली आणि सुईनं टुणकन उडी मारली. काय हसलो दोघी! मी लिहिलं, ‘कारण – आई’.
साहेबांनी वाचलं. “आईंना म्हणावं, जरा जपून बसा.”

२० फेब्रुवारी
खरा भूकंप!! लांबचा, समुद्राखालचा. आधी बारीक थरथर, मग जरा वेळानं मोठे हेलकावे. पहिल्या लाटा वेगानं धावतात, दुसऱ्या मागून येतात. मधल्या सेकंदांवरून अंतर निघतं. मी काढलं. बरोबर आलं! साहेब म्हणाले, “शाब्बास. असंच चाललं तर कायम करायची शिफारस करतो.”
आज जमिनीवर पाय नाहीत. या नोकरीत हे बरं नव्हे.

२ मार्च
आई आता रोज एकला डबा आणते. तिची थरथर हल्ली जास्तच. आधी नुसती उडी असायची, आता बाकावर बसून डबा सोडेपर्यंत सुई बारीक कापत राहते, आधण आल्यासारखी. “आई, वजन वाढलं गं तुझं,” म्हटलं. डब्याचं झाकण आपटलंन. तेही उमटलं. तेही लिहिलं.

९ मार्च
आईनं साखर सोडली. भातही सोडला. बाकावर आता फूल ठेवावं तशी टेकते. आणि सुई? गेल्या आठवड्याच्या दुप्पट!! मी हसून हसून खाली बसायची बाकी. “चोरून खातेस तू!”
“देवाशप्पथ नाही गं!”

१५ मार्च
आई औषधवाल्याच्या काट्यावर जाऊन आली. दोन किलो कमी म्हणे! चिठ्ठी माझ्या नाकापुढे नाचवली. मी म्हटलं, “त्याचा काटा बिघडलाय. आमचं यंत्र खोटं बोलत नाही.” आईनं चिठ्ठी पिशवीत कोंबली. ट्रक सुरू झाले तशी डबा न उघडताच ठेवून गेली.
जरा अतीच बोलले का मी? संध्याकाळी लाडीगोडी लावून पाहिली. नाक वर ते वरच.

१८ मार्च
साहेबांनी शिफारस पाठवली! कायम!! उड्या माराव्याशा वाटल्या, पण यंत्राला काय कारण लिहिणार? ‘मी’?
घरी सांगायला धावले, तर आई पिशवी भरत होती. मावशीकडे चालली आहे आठवडाभर, डोंगराच्या उतारावर. “तिथे माझं वजन कुणी मोजत नाही.” पण जाता जाता गालावरून हात फिरवलान. म्हणजे राग उतरतोय. आली की बाकावर उशी घालून ठेवीन.

१९ मार्च
रविवार. केंद्र बंद. उशी आणली, लाल.

२० मार्च
एक वाजून दहा. ट्रक थांबलेले. कोरडा पाव खात होते. सुई हलली, कापायला लागली, थांबेचना. हातानं सवयीनं लिहूनही टाकलं : ‘कारण – आई’.
बाकावर नुसती उशी.
साहेबांना फोन केला. मग मावशीकडे.
“मावशीला घेऊन आत्ता निघ. आहेस तशी निघ, डोंगर उतर.”
“अगं पण झालं काय?”
“आई, तुझं वजन वाढलं नव्हतं गं.”