हनुवटीवर मुलामा चढवू नये

मी, एल्वूड जोसेफ ह्रुस्का, वय एक्याऐंशी, धंदा जुन्या आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरांची पारख, राहणार कॅडिझ, ओहायो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शुद्धीत आणि सकाळची कॉफी पोटात गेल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. जन्मभर दडपण आणणारी एकच व्यक्ती होती, माझी बायको व्हर्ना, आणि तिला आता माझे नावही आठवत नाही. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत; मुलावर चिडून केलेले तर अगोदर.

कलम १. घर आणि बँकेतली शिल्लक यांतून प्रथम व्हर्नाच्या शुश्रूषागृहाचा खर्च भागवावा. तिच्या पश्चात उरेल ते मुलगी मार्लिस आणि मुलगा ड्वाइट यांनी निम्मे निम्मे घ्यावे. भांडू नये. भांडायचेच असेल तर वकील न लावता भांडावे, स्वस्त पडते.

खरा मुद्दा वेगळाच आहे. घराचे काहीही होवो, लोकांच्या दर्शनासाठी उघड्या शवपेटीत ठेवताना माझ्या चेहऱ्याची रंगरंगोटी होता कामा नये. ती का होऊ नये, हे कळायला कलम २ वाचणे भाग आहे. वकीलसाहेबांनी ते गाळा म्हणून सांगितले होते. मी वकीलसाहेबांना गाळले.

कलम २. माझ्या पाच रिव्हॉल्व्हरांपैकी चार मार्लिसला द्याव्यात. तिला नजर आहे, तरी विसरू नये म्हणून लिहितो. हत्यार उजेडात तिरके धरावे. कमरेच्या चामडी म्यानात घासून नळीच्या टोकाचा कारखान्यातला निळा मुलामा उडालेला असेल, गोळ्यांच्या फिरत्या सिलिंडरभोवती बारीक रेघ उमटलेली असेल, तर नाक मुरडू नये. वापरलेली वस्तू तशीच दिसते. पण सगळे आरशासारखे लखलखते आहे, आणि कारखान्याच्या ठशाची अक्षरे मात्र पुसट, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट, असे दिसले की समजावे, कोणा दीडशहाण्याने ती घासून नवी केली आहे. घासून गेलेले पोलाद परत येत नाही. झिजलेला का असेना, मूळ मुलामा तो मूळ मुलामा.

पाचवी रिव्हॉल्व्हर ड्वाइटला. ती माझ्या वडिलांची. कोळसाखाणीचा पगार बँकेतून आणायचा तेव्हा तेच पहाऱ्याला असत, आणि लाकडी मुठीवर त्यांच्या अंगठ्याची खोबण पडली होती. माझ्या सत्तराव्या वाढदिवशी ड्वाइटने ती गुपचूप नेऊन निकेलचा नवा मुलामा देऊन आणली. वर नवी मूठ.

"बाबा, बघा! आत्ता दुकानातून आणल्यासारखी झाली की नाही?"

"झाली रे. आणि आजोबा कुठे गेले?"

"आजोबा?"

"इथे अंगठा होता त्यांचा, गाढवा!"

"अहो, पण केवढी कळकट झाली होती!"

"कळकट तुझी आजीपण झाली होती. तिला घासलं का कोणी?"

पोरगा केक अर्धा टाकून निघून गेला. दोन वर्षे आम्ही बोललो नाही. तो मनाने वाईट नाही. त्याला जुने झालेले काही बघवत नाही, एवढेच. म्हाताऱ्या बापाकडेही तो जरा बाजूनेच बघतो.

कलम ३. आता अंत्यविधी. गावातला अंत्यविधीवाला स्किप पॉमरॉय हा ड्वाइटचा शाळूसोबती. माझा भाऊ रुडी वारला तेव्हा याच कलावंताने त्याचे गाल गुलाबी केले, भुवया काळ्या केल्या, कपाळावरची आठी मेणाने बुजवली. रुडी जन्मभर त्या आठीनेच बोलत असे! व्हर्ना तेव्हा ठणठणीत होती. पेटीत डोकावली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "अरे, आपण चुकीच्या हॉलमध्ये तर नाही ना आलो?"

बाहेर पॉमरॉयने माझ्या खांद्यावर थाप मारली. "एल्वूडकाका, तुम्ही येऊन तर बघा माझ्याकडे! ती हनुवटीवरची खाच अशी बुजवतो की काकूसुद्धा ओळखणार नाहीत." सगळे हसले. मीही हसलो.

हनुवटीवरचा हा व्रण १९५८ सालचा. लग्नाच्या वाढदिवशी मी व्हर्नाला जेवायला म्हणून बाहेर काढले आणि बंदुकांच्या प्रदर्शनात नेले. घरी आल्यावर तिने कढईचे झाकण फेकले. नेम अचूक होता.

हल्ली मी रोज दुपारी तिच्याकडे जातो. ती विचारते, "कोण हवंय आपल्याला?" मी शेजारी बसतो आणि तिचा हात माझ्या हनुवटीवर ठेवतो. बोट त्या खाचेत फिरते, थांबते, पुन्हा फिरते. "अगं बाई, तू होय! मला वाटलं विमेवाला आला." तेवढ्यापुरती ती माझी असते. मग पुन्हा जाते. डोळे तिला काही सांगत नाहीत, नाव तर नाहीच. पॉमरॉयने तेवढी खाच मेणाने भरली, तर ती एका परक्या माणसाशेजारी सभ्यपणे बसेल आणि मी अजून कसा आलो नाही म्हणून दाराकडे बघत राहील. हे मला सहन होणार नाही, मेल्यावरसुद्धा.

कलम ४. सदर व्यवस्थेची जबाबदारी मार्लिसवर नसून ड्वाइटवर राहील. गाळलेले वकीलसाहेब, डोळे वटारू नका, विचार करूनच लिहिले आहे.

ड्वाइट, पॉमरॉय काम करत असेल तेव्हा तू तिथे उभा राहा. त्याचा हात मेणाच्या डबीकडे गेला की धर. तुला माझ्याकडे नीट बघावे लागेल, त्याला इलाज नाही. मग लोक आत यायच्या आधी आईला आण. खुर्ची अगदी जवळ ओढ. तिचा हात माझ्या हनुवटीवर ठेव. मी गार लागेन, ती दचकेल. तर तुझा हात तिच्या हातावर ठेव. घाई करू नकोस बाळा. तिला सापडायला वेळ लागतो.

वरील मजकूर मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या समोर सही केली आहे.

एल्वूड जोसेफ ह्रुस्का

साक्षीदार:
१. लेनोरा टिपेट, शेजारीण
२. ऑरिन बीलर, न्हावी

कॅडिझ, हॅरिसन काउंटी, ओहायो
१४ ऑक्टोबर २००३