इसहाक आणि हवेतली सुरी

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. (थांबला नसेल तर आशा चुकीची ठरली, पण लिहिताना ती खरीच होती.) आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहिणार होते, पण मला घरी शिकवताना तुम्ही पहिलाच नियम घालून दिलात की अर्धवट सांगणं हेही खोटंच. म्हणून सविस्तर लिहिते.

ताईला मुलगा झाल्याचं कळलं असेलच. दिवस भरायच्या बराच आधी झाला, म्हणून अजून दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. नाकात नळी, डोक्यावर ढगळ टोपी. एखाद्या म्हाताऱ्या खलाशासारखा दिसतो. डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. पेटीवरच्या चिठ्ठीवर नावाच्या जागी नुसतं 'बाळ' आहे. नर्सबाई ताईला म्हणाल्या, त्याला नावाने हाका मारत जा, या मुलांना आवाज धरून ठेवतो. भावजींच्या घराण्यात हिब्रू नावं ठेवतात, आणि त्यांच्याकडे एक नाव पिढी सोडून पिढी येतं: इसहाक. ताई मला म्हणाली, "तू मामांचा पोपट. सांग बघू अर्थ. चांगला असेल तर तेच ठेवते."

मी सांगितलं, इसहाक म्हणजे 'तो हसेल'. ताईचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजळला. कोणीही शहाणी बाई इथे थांबली असती. पण अर्थ सांगून नावाची कुळकथा न सांगणं म्हणजे पाहुण्याला दारातच पाणी देऊन वाटेला लावणं. म्हणून तेही सांगितलं. बायबलातल्या मूळ इसहाकची आई सारा म्हातारी झाली होती, तुला मूल होणार हे कानावर पडताच ती तंबूच्या दाराआड हसली आणि विचारल्यावर "मी कुठे हसले?" म्हणाली. ताईला हे फार आवडलं. (चाळिशी उलटल्यावर दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा तीही डॉक्टरांच्या तोंडावर हसली होती आणि मग ठसका लागल्याचं सोंग केलं होतं.) म्हणाली, "मग पुढे काय झालं त्या पोराचं?"

मामा, मी सांगितलं. बापाला देवाची आज्ञा झाली, मुलाचा बळी दे. बाप मुलाला डोंगरावर घेऊन गेला, लाकडं मुलाच्याच पाठीवर, आणि मुलगा विचारतो, बाबा, लाकडं आहेत, विस्तव आहे, बळीचं कोकरू कुठाय? मी काही रंगवलं नाही, पण गाळलंही नाही. बापाने मुलाला बांधलं, लाकडांवर ठेवलं, सुरी उचलली, आणि भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. नर्सबाईंनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. मी म्हणत होते, "अहो, एकच वाक्य राहिलंय!" त्या म्हणाल्या, "सगळ्यांचं एकच राहिलेलं असतं," आणि दार लावलं.

तेव्हापासून ताईने मला आत यायला बंदी केली आहे. फोन उचलत नाही. पोराला नाव नाही की हाक नाही. ती पेटीशेजारी नुसती गप्प बसून असते. मी भावजींकडून निरोप धाडला, की देवदूताने बापाचा हात थांबवला, झुडपात शिंगं अडकलेला मेंढा सापडला, मुलाच्या जागी त्याचा बळी दिला. भावजी वजनकाट्यावर कामाला; मोजकं बोलायची सवय. आत जाऊन म्हणाले, "शेवटी मेंढा मेला." ताई आणखी रडली.

मग मी निर्धोक नाव शोधू लागले. (दुकानात पितळी पाट्या कोरता कोरता. एका दंतवैद्याच्या पाटीवर 'डॉ. योना' कोरून बसले. मालक अजून बोलत नाहीत.) योना म्हणजे कबुतर, पण त्याला माशाने गिळलं. बिन्यामीन म्हणजे उजव्या हाताचा पुत्र, पण त्याची आई बाळंतपणात गेली. ते नाव त्या वॉर्डात उच्चारायचीही सोय नाही. नोहा म्हणजे विसावा, पण जलप्रलयात त्याच्या तारवाबाहेरच्यांचं काय झालं हे ताई विचारणारच. एथान म्हणजे टिकाऊ! मी हरखले. बघते तर बायबलात त्याचं नाव निघतं ते दुसरा कोणी त्याच्याहून शहाणा होता हे सांगायला. आणि गंमत म्हणजे बापाहून आणि मुलाहूनही जास्त जगला तो इसहाकच. वडिलांच्या वेळच्या बुजलेल्या विहिरी उकरत, सावकाश म्हातारा झाला. पण हे तिला सांगणार कोण?

तरी एखादं बिनसंकटाचं नाव, मूळ आणि इतिहासासह, लवकर कळवावं.

तुमची भाची

ता. क. नाव शोधू नका. डबा द्यायला गेले तर नर्सबाईच दारात उभ्या. ताईने शेजारच्या बायांना गोष्ट सांगितली होती, अर्थात सुरीपर्यंतच. "अख्खा वॉर्ड खोळंबलाय," त्या म्हणाल्या. "काय झालं त्या पोराचं, बोला!" मी दारातच सगळं सांगितलं, अगदी विहिरींपर्यंत. त्या आत गेल्या. थोड्या वेळाने काचेतून ताई दिसली. हात पेटीच्या भोकातून आत घातलेला, आणि ती त्याला पुन्हा पुन्हा हाक मारत होती. ऐकू येत नव्हतं. पण 'बाळ' म्हणताना ओठ मिटतात. तिचे मिटत नव्हते.

आणखी एक, आणि खरं तर आता पत्र याचसाठी. ताईने नर्सबाईंकरवी विचारलंय, मामांच्या मते 'तो हसेल' हे नक्की ना? डॉक्टरांचं "बघू या" ऐकून ती थकली आहे. मामा, तुमच्या प्रत्येक वाक्यात एक 'बहुधा' असतो, आणि तो असावा हे मीही तुमच्याकडूनच शिकले. पण या खेपेला तिला एका ओळीचं पत्र पाठवा. मूळ नको, आधार नको, बहुधा नको. नुसतं लिहा: तो हसेल. पुढे चुकलं तर माझ्या नावावर घाला.